लागू नाही

कुठलाही सरकारी फॉर्म समोर आला आणि त्यातला एखादा रकाना आपल्यासाठी नाही असं दिसलं, की माझा हात थांबतो. तिथे ‘लागू नाही’ लिहायचं असतं, माणसं ते डोळे मिटून लिहितात. मी मात्र उठून पाणी पितो, घरात एक फेरी मारतो, बायकोला उगाच काहीतरी विचारतो आणि मग लिहितो. परवा गॅसच्या एजन्सीत मी इतका वेळ लावला की मागचा माणूस वैतागून म्हणाला, "काका, गॅस होयो काय इस्टेट?" ही खोड मला मणेरीकर मॅडममुळे लागली, आणि ती आता जाईल असं वाटत नाही.

मी कोर्टात स्टेनो होतो. कुठल्या कोर्टात ते लिहीत नाही. मॅडमना ते आवडलं नसतं, आणि त्यांना न आवडणारं काही करताना अजूनही माझी मान आपोआप दाराकडे वळते. राहायला मी डिचोलीत. रोज सकाळी म्हापशाची बस, म्हापशाला उतरून दुसरी बस, संध्याकाळी तेच उलटं. आयुष्यातली बावीस वर्षं मी म्हापशाच्या स्टॅंडवर बस शोधण्यात घालवली आणि त्यातली पाच मॅडमच्या मागे धावण्यात.

धावण्यात हे मी शब्दशः म्हणतोय. कालिंदी मणेरीकर ही पाच फुटांच्या आतली बारीक बाई खुर्चीत बसतच नसे. कोर्ट चालू असताना इलाज नसायचा, पण तेव्हाही टेबलाखाली चपला काढलेल्या आणि पायांची चुळबुळ सुरू. चेंबरमध्ये आल्या की खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत. डिक्टेशनही असंच. खिडकीकडे गेल्या की आवाज बारीक व्हायचा, कपाटाकडे आल्या की माझ्या कानात शिरायचा. मधला एखादा शब्द खिडकीबाहेर पडला तर मी अंदाजाने भरायचो आणि त्या तो नेमका पकडायच्या. जेवणही उभ्यानेच. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, एक घास, दोन फेऱ्या. आमचा शिपाई बाबलो, पेडण्यातल्या चोपड्याचा, एकदा खुर्ची पुसता पुसता मला म्हणाला, "बसाक कोण नाय, म्हणान हेका बुरशी येता."

मॅडम फोंड्याकडच्या. वडील देवळात पुराण सांगायचे, त्यामुळे त्यांचं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ आणि स्वच्छ होतं. पक्षकारांशी मात्र त्या त्यांच्याच बोलीत बोलायच्या, थोडं अडखळत, पण बोलायच्या. नवरा, श्रीकांत सर, डिचोली तालुक्यातला. हायस्कूलमध्ये गणित शिकवणारा शांत, गोरा, मासळीवर जीव असलेला माणूस. त्यांना भेटलं की वाटायचं, या बाईच्या वाट्याची सगळी स्वस्थता हा माणूस घेऊन बसलाय.

मॅडमची एक पद्धत होती. कुठलीही नवी केस पुकारली की त्या आधी वादी-प्रतिवादींची सगळी नावं मोठ्याने वाचायच्या, थांबायच्या, आणि ओळखीचं काही निघालं तर तिथल्या तिथे सांगून टाकायच्या. "प्रतिवादी क्रमांक तीन यांची बहीण माझ्या वर्गात होती. कुणाची हरकत?" हरकत कोण घेणार? वकील मान खाली घालून हसायचे. एकदा बांधाच्या भांडणाची केस निघाली. मॅडमनी नावं वाचली, प्रतिवादीकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "मी यांच्या पत्नीकडून बाजारात मासळी घेते." दोन्ही वकील उठून म्हणाले, काही हरकत नाही. मॅडम म्हणाल्या, "नोंद करा. केस संपेपर्यंत मी दुसरीकडून घेईन." केस चौदा महिने चालली. दुसरी मासळीवाली आदल्या दिवसाचे बांगडे बर्फ घालून विकायची. श्रीकांत सर एकदा मला बाजारात भेटले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुरुदास, त्या बांधाचा निकाल लवकर लागेल असं काही करता येतं का हो?" मी म्हटलं, सर, तुम्ही न्यायाधीशाच्या स्टेनोवर दबाव आणताय. ते घाबरून निघूनच गेले.

"विचारल्यावर सांगितलं ते नुसतं उत्तर झालं," मॅडम म्हणायच्या. "आपण विचारायच्या आधी सांगायचं." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की बाबलो बाजारातून चहा आणताना वाटेत सांडला तर दारातूनच ओरडायचा, "मॅडम, आदीच सांगतंय, अर्दो सांडलो!"

जानेवारी आला की मात्र आमच्या जिवाला घोर लागायचा. न्यायाधीशांना दरवर्षी स्वतःच्या आणि घरच्यांच्या मालमत्तेचं विवरण वरच्या कोर्टाला पाठवावं लागतं. इतर न्यायाधीश मागच्या वर्षीचा कागद काढतात, वर्ष बदलतात आणि सही करतात. अर्ध्या तासाचं काम. मॅडम आठ दिवस घ्यायच्या. आठ दिवस फेऱ्यांचा वेग वाढलेला. भाच्याने दिलेलं मनगटी घड्याळ लिहायचं का? नियमातल्या किमतीपेक्षा ते स्वस्त होतं, तरी जोडपत्र लावून लिहायचं. शेजाऱ्याने पणस पाठवला, तो? मी वैतागून म्हटलं, "मॅडम, पणस स्थावर की जंगम?" त्या कपाटापाशी थांबल्या, विचार केला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "झाडावर असेपर्यंत स्थावर. उतरवला की जंगम." आणि परत खिडकीकडे गेल्या. मला हसावं की नाही ते कळेना, कारण कायद्याने ते अगदी बरोबर होतं.

एका चवथीला तर कमाल झाली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, कांगलांसारखी रानातली फळं, नारळ, सुपाऱ्यांचे घड असं सगळं लटकवलेलं. एका वकिलाने मॅडमच्या घरी कांगलांचा एक देखणा घोस पाठवला. बरोबर चिठ्ठी की हे तुम्हाला नाही, देवाला. मॅडमनी तो बाबलोबरोबर परत पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या घरात बसलेला देव आमच्या कुटुंबातला आहे.’ वकील महिनाभर तोंड फुगवून होता.

विवरणात आठवा रकाना असायचा: पती किंवा पत्नीकडून वारसाने आलेला स्थावर मालमत्तेतला हिस्सा. दरवर्षी तिथे आल्या की मॅडम नवऱ्याला शाळेत फोन लावायच्या, तोही माझ्यासमोर. "तुमच्याकडचं काही आहे का?" सर पलीकडून म्हणायचे, घर होतं ते काकांना दिलं, आता काही नाही. "नक्की?" नक्की. मग मॅडम मला सांगायच्या, "लागू नाही." मी टाइप करायचो. पाच वर्षं, दर जानेवारीत, मी ते टाइप केलं.

आता एक गोष्ट गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवी. पोर्तुगीज गेले, पण लग्नाचा त्यांचा कायदा इथे राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवऱ्याचं ते बायकोचं अर्धं आणि बायकोचं ते नवऱ्याचं अर्धं. वाडवडिलांकडून आलेलंसुद्धा. आणि मुलींनाही मुलांइतकाच वाटा. कायदा असा, पण माणसं जुन्याच सवयीने बोलतात. बायका कोर्टात येतात, मागे दाराशी उभ्या राहतात आणि विचारलं की म्हणतात, माझं काही नाही.

पार्वतीबाय हेच म्हणाली. पेडण्यातल्या एका गावची, सत्तरीकडे झुकलेली, डोंगराच्या पायथ्याशी घर, मागे थोडा भाजीचा मळा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तांबडी भाजी, वाल, मुळा घेऊन बसायची. तिच्या घराकडे जायची वाट खालच्या एका जुन्या घराच्या आवारातून जायची. ते घर दिल्लीकडच्या कुणीतरी घेतलं, रंगवलं आणि वाटेवर लोखंडी गेट घातलं. विमानतळ झाल्यापासून पेडण्यात अशी गेटं पुष्कळ झाली. पार्वतीबायला आता डोंगराला वळसा घालून, शेताच्या बांधावरून, डोक्यावर टोपली घेऊन बसला जावं लागे. नवरा अंथरुणाला खिळलेला. म्हणून दावा तिच्या नवऱ्याच्या नावाने.

मॅडमनी तिला चेंबरमध्ये बोलावलं, वकिलांसमोर. "ह्या घर कोणाचां?"

"घोवाचां."

"आनी तुजां?"

"माजां काय नाय, मॅडम."

मॅडम फेऱ्या मारता मारता थांबल्या. कट्ट्यावरच्या डब्यातून त्यांनी एक पोई, आमच्याकडचा गव्हाचा गोल पाव, उचलली, दुपारच्या जेवणाची, आणि पार्वतीबायच्या समोर ती दोन्ही हातांनी फाडली. "लगीन झाला, त्या दिसा हां असां झालां. ह्यो अर्दो तुजो. तेणें तुका दिलो नाय, तो तुजोच." अर्धी पोई त्यांनी तिच्या हातावर ठेवली. पार्वतीबाय ती हातात धरून उभी राहिली, खावी की जपून ठेवावी ते न कळून. दाव्यात तिचं नाव वादी क्रमांक दोन म्हणून घातलं. त्या दिवसापासून ती दाराशी न थांबता पुढे येऊन बसू लागली.

जागेची पाहणी करायला मॅडम स्वतः गेल्या. दोन्ही वकील, मी, बाबलो, सगळे मागे धापा टाकत. मॅडम पदर खोचून पुढे. वाट जुनीच होती, दगड पायांनी गुळगुळीत झालेले. गेट ओलांडून पार्वतीबायच्या अंगणात पोचलो. वाट तिथे संपत नव्हती, घराच्या कडेने वर डोंगरात जात होती. मॅडमनी विचारलं, "वर काय आहे?" पार्वतीबायचा वकील म्हणाला, "काजूची बाग. मालक बाहेर आहेत, या दाव्यात पक्षकार नाहीत." ऊन फार झालं होतं. मॅडम एकदा वर बघून परत फिरल्या. जन्मभर चालत राहिलेली बाई नेमकी तिथे थांबली, याचं मला आजही नवल वाटतं आणि वाईटही वाटतं.

निकाल पार्वतीबायच्या बाजूने लागला. वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, गेट काढा. मीच टाइप केला आणि टाइप करताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो. गेट निघालं. त्याच सुमारास मॅडमचं नाव बढतीच्या यादीत आहे अशी कुजबुज कोर्टात सुरू झाली, आणि बाबलोने आपण कुठला शर्ट घालून निरोपाला उभे राहणार तेही ठरवून टाकलं.

दोन महिने गेले. एका सोमवारी एक इन्व्हेंतारचा अर्ज आला. माणूस मेला की त्याच्या मालमत्तेची वाटणी आमच्याकडे कोर्टातून होते, तिला इन्व्हेंतार म्हणतात. त्यात सगळ्या वारसांची आणि त्यांच्या नवऱ्या-बायकांचीही नावं लिहावी लागतात, कारण तेही अर्ध्याचे मालक. मरून तीस वर्षं झालेल्या कुणा भागीरथीबाईच्या काजूच्या डोंगराची वाटणी तिचा मुलगा आता करून मागत होता. मी नुसतं अनुक्रमणिका लावायला कागद घेतले. सर्व्हे नंबर ओळखीचा वाटला. तो मी निकालात चार वेळा टाइप केला होता: वाटेची वरची हद्द, काजूची बाग. मग वारसांची यादी. मयत मुलगी, तिचा मुलगा श्रीकांत मणेरीकर, शिक्षक. आणि त्याच्या खाली, लग्नाने हिस्सेदार, सौ. कालिंदी श्रीकांत मणेरीकर.

सरांच्या आईच्या आईचा डोंगर. सर लहानपणी तिथे काजूचे बोंडू खायला जायचे, एवढंच त्यांना आठवत होतं. आजीचा डोंगर म्हणजे मामांचा, हे त्यांनी गृहीत धरलं. मॅडमनी विचारताना ‘तुमच्याकडचं’ असं विचारलं, आईकडचं काही आहे का, असं कधी नाही. आणि वाट मोकळी झाल्यावर डोंगराला भाव आला, म्हणून मामा जागा झाला. मी कागद बंद केला, परत उघडला, परत बंद केला.

मी तो अर्ज खालच्या खणात ठेवला. तीन दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार. म्हापशाला बसमधून उतरायचं विसरलो आणि परत मागे चालत आलो. बायकोने विचारलं, काय झालंय? काही नाही म्हटलं. मॅडमना कळलं की त्या वर कळवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. कळवलं की निकाल रद्द होणार, गेट पुन्हा लागणार आणि बढतीही जाणार. खरं सांगायचं तर आधी मला बढतीची काळजी वाटली. पार्वतीबाय नंतर आठवली. ती आठवल्यावर जरा हलकं वाटलं, कारण गप्प राहायला आता चांगलं कारण मिळालं होतं. माझी मलाच लाज वाटते, पण तसं झालं.

गुरुवारी सकाळी मॅडम चेंबरमध्ये फेऱ्या मारत होत्या. मी अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी उभ्यानेच वाचला. पहिलं पान, दुसरं पान, नावांची यादी. मग सर्व्हे नंबरवर बोट ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. पाच वर्षांत मी त्यांचे पाय इतका वेळ एका जागी बघितले नव्हते.

"कधी आला हा?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

मी खालचा खण लावून घेतला.

"म्हणजे तीन दिवस तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "रोज बायकांना सांगत होते, अर्धं तुझं. माझं अर्धं कुठे आहे ते मला ठाऊक नाही." मग त्या खिडकीकडे वळल्या. "वही घ्या."

वरच्या कोर्टाला पत्र. गेल्या पाच वर्षांची माझी विवरणं अपुरी आहेत. अमुक डोंगरात मला अविभक्त हिस्सा आहे. त्याला लागून असलेल्या वाटेचा निकाल मी दिला आहे. सगळं चार वाक्यांत. मी लिहिता लिहिता धीर करून म्हटलं, "मॅडम, ‘अनवधानाने’ असा शब्द घालूया? खरंच तसं झालंय."

"नको," त्या म्हणाल्या. "अनवधान होतं की नाही ते दुसऱ्यांनी ठरवायचं. आपण फक्त झालं ते सांगायचं."

"पण पार्वतीबायचं गेट..."

त्या कपाटापाशी थांबल्या. डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतील, बरं, थोडं थांबू. "ते मला रात्रभर छळणार आहे," त्या म्हणाल्या, "पण ते कारण म्हणून वापरलं तर आयुष्यभर छळेल. टाइप करा."

पुढच्या तारखेला दोन्ही बाजूंना बोलावून त्यांनी भर कोर्टात हेच सांगितलं. नेहमीसारखी नावं वाचली आणि मग म्हणाल्या, "कुणी विचारायच्या आधी सांगते." दिल्लीवाल्याच्या वकिलाने डोळे मोठे केले आणि भराभर लिहायला घेतलं. पार्वतीबाय पुढच्या बाकावर होती. काय चाललंय ते तिला अर्धं कळलं. "मॅडम, मगे वाट उगडी काय बंद?"

"ठावक नाय, पार्वतीबाय. दुसरो कोण सांगतलो."

हे सांगताना त्या तिच्याकडे बघत होत्या आणि टेबलाखाली पायांची चुळबुळ बंद होती. मग उठून आत गेल्या. मी मागोमाग गेलो तर त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, मला हातानेच जा म्हणाल्या.

महिन्याभरात वरच्या कोर्टाने निकाल रद्द केला आणि दावा दुसऱ्या न्यायाधीशाकडे दिला. गेट पुन्हा लागलं. बढतीची यादी आली, तिच्यात मॅडमचं नाव नव्हतं. का नाही ते कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. पावसाळ्यानंतर त्यांची दक्षिणेला बदली झाली. निरोपाला बाबलोने ठरवलेला शर्ट घातला, पण चेहरा असा की जणू कुणाच्या तरी दहाव्याला आलाय. श्रीकांत सर एका कोपऱ्यात उभे होते. मला म्हणाले, "मी एकदा तरी आईकडचं आठवायला हवं होतं." मीही तर तीन दिवस लपवलं होतं. जाताना मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "गुरुदास, तुम्ही चौथ्या दिवशी दिलात," त्या म्हणाल्या. "हेही मी लक्षात ठेवलंय." ते बोलणं रागाचं की मायेचं, यावर मी अजून बसमध्ये विचार करतो.

नवे न्यायाधीश खुर्चीत नीट बसायचे. त्यांनी साक्षी परत घेतल्या, जागा परत पाहिली, आणि वर बागेपर्यंत चालत गेले. दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत पार्वतीबाय बांधावरून पाय घसरून पडली, गुडघा कायमचा अधू झाला. नवरा वारला, त्यालाही बांधावरूनच न्यावं लागलं. मी तिला कोर्टात बघितलं की दुसरीकडे बघायचो. शेवटी निकाल आला: वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, गेट काढा. मॅडमचाच निकाल, जवळपास त्याच शब्दांत. पुढे अपील झालं, तेही फेटाळलं गेलं.

अपील फेटाळलं त्यानंतरचा शुक्रवार. मी तोवर निवृत्त झालो होतो, म्हापशाच्या बाजारात कांदे घ्यायला गेलो होतो. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला मला एक बारीक बाई दिसली. हातात रिकामी पिशवी, पाच पावलं पुढे, पाच पावलं मागे. मॅडम. केस पांढरे झालेले. त्याही निवृत्त झाल्या होत्या. मी हाक मारली तशा चमकल्या आणि पहिलं वाक्य हेच: "गुरुदास, अपील?"

"फेटाळलं, मॅडम. सोमवारी."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः विचारून आलो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मी तीन शुक्रवार येऊन परत गेले," त्या म्हणाल्या. "प्रकरण चालू असताना तिच्याशी बोलणं बरं दिसलं नसतं."

पार्वतीबाय गोणपाट पसरून बसली होती, अधू पाय लांब करून. मॅडम तिच्यासमोर गेल्या. ओळख पटायला तिला क्षणभर लागला. मॅडमनी भाजीला हात लावला नाही. उभ्यानेच म्हणाल्या, "पार्वतीबाय, तुका मी सारक्यां सांगूंक नाय. मी निकाल दिलो, तेवा तुज्या घरावयल्या डोंगरात माजो वाटो होतो. माका ठावक नव्हता, पण होतो."

पार्वतीबाय मुळ्याची जुडी बांधत होती. तिने मान वर केली नाही. "माका ठावक होतां, बाय."

मॅडमची पिशवी हातातच राहिली.

"गावात सगळ्यांका ठावक होतां," पार्वतीबाय म्हणाली. "मामाचो भाचो खंयचो, तेची बायल कोण, गावात लपता काय? आमी कोण बोलाक नाय. वाट मेळतली म्हणान गप रवलों."

दोन वर्षं आम्ही ज्या गोष्टीने झोप घालवली, ती सगळ्या गावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आणि पार्वतीबाय जेव्हा पुढच्या बाकावर येऊन बसली, तेव्हा ती कुठल्या भरवशावर बसली होती, हेही मला आत्ता कळलं. मॅडमना ते माझ्या आधी कळलं असणार, कारण त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे तुका वाटलां..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"वाटलां," पार्वतीबाय म्हणाली. जुडीची गाठ तिने दातांनी ओढली. "बायचो डोंगर वर आसा, म्हणान माका वाट गावली, असांच वाटलां. बायन माज्या हातार पोय ठेवली, ती पण तेच्याचसाटी, असां वाटलां. मगे तुमी सांगलात आनी गेट परत लागलां. लय गाळी घातलंय मी तुमका. खोटां कित्याक सांगू? पण दुसऱ्या सायबानय तीच वाट दिली. तेका तर थंय काय नव्हता. तेवा कळलां, बाय. ती वाट माजीच होती."

तिने गोणपाटाची कड झाडली आणि थोडी बाजूला सरकली.

"बसा," ती म्हणाली. "आता कोणाची हरकत नाय."

मॅडम बसल्या. बाजाराच्या गर्दीत, ओल्या जमिनीवर, मांडी घालून. मी कांदे घेतले, सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबी, घेतली, उगाच एक फेरी मारून आलो, तरी त्या तिथेच होत्या. बसची वेळ झाली म्हणून मी निघालो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं. पार्वतीबाय गिऱ्हाईक करत होती आणि मॅडम तिच्या शेजारी वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या, पाय अजिबात न हलवता.